मी मराठी बोलते

शिवांगीला झोप येत होती. तशी ती गेले सहा महिने येतच होती, पण त्या मंगळवारी अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या लायब्ररीत, खिडकीवर ऑक्टोबरचा गार पाऊस रिपरिपत असताना, जरा जास्तच येत होती. समोर लॅपटॉप, शेजारी छापून आणलेली सराव-परीक्षा आणि पेन्सिल.

आता ही परीक्षा औषधांची किंवा हाडांची असती, तर आमच्या डॉक्टरीणबाईंनी झोपेतही सोडवली असती. कराडची पोर, एमबीबीएसला कॉलेजात दुसरी आलेली, अमेरिकेतल्या दोन मोठ्या परीक्षा पास. रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलातल्या शिकाऊ डॉक्टरकीसाठी, ऐंशी ठिकाणी अर्ज टाकून मावसबहीण रुपालीच्या घरी हॉलमधल्या सोफ्यावर ती दिवस काढत होती. त्या ऐंशीतल्या ओहायोच्या एकाच हॉस्पिटलने जरा ओळख दाखवली होती. पण आधी आमची ही परीक्षा द्या, म्हणाले. यात आजार नसतोच. प्रसंग असतो, त्याखाली चार वागण्याच्या तऱ्हा, आणि कुठली किती योग्य ते तुम्ही ठरवायचं. प्रत्येकीला एक ते चार गुण द्यायचे.

'तुमच्या सीनियरच्या तोंडाला दारूचा वास येतो आहे आणि तो राउंडला निघाला आहे.' शिवांगीने विचार केला, गुण दिले, मागच्या पानावरची उत्तरं पाहिली. सगळी चूक. सलग तिसरा पेपर, सगळा चूक.

"शिरा पडो या परीक्षेवर," ती पुटपुटली आणि तिने कपाळ टेबलावर टेकवलं.

"तू उलटं केलंयस," समोरून आवाज आला.

तिने मान वर केली. टेबलापलीकडे एक सहा फुटी दाढीवाला बसला होता. खांदे भिजलेले, पुढ्यात लहान मुलांच्या चित्रांच्या पत्त्यांचा ढीग. तो तिच्या कागदाकडे उलट्या बाजूने बघत होता.

"फोर म्हणजे बेस्ट. वन म्हणजे वर्स्ट. तू बेस्टला वन दिलंस."

शिवांगीने सूचना परत वाचल्या. खरंच की. जन्मभर पहिल्या नंबरासाठी मर मर मेलेली मुलगी ती. चांगल्याला 'एक' सोडून दुसरं काही देता येतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुम्हाला… मराठी येतं?"

"हो," तो हसून म्हणाला, "मी मराठी बोलते. घरी आईशी रोज बोलते."

शिवांगी बघतच राहिली. तो दाढीवाला पुढे म्हणाला, "मी इथे शाळेत काम करते. स्पीच थेरपिस्ट आहे. अक्षत."

ज्या मुलांना 'र' म्हणता येत नाही, जी अडखळतात, त्यांना नीट बोलायला शिकवायचं हे त्याचं काम. आणि स्वतः मात्र… शिवांगीच्या पोटातून हसू आलं. ते तिने खोकल्यात दडवलं. किती दिवसांनी तिला हसू आलं होतं, देव जाणे. दुरुस्त करायचं तिच्या मनातही आलं नाही. दमली होती हो. आणि पहिल्याच भेटीत कोणी कोणाचं व्याकरण काढतं का?

पुढच्या गुरुवारी तो त्याच टेबलाशी होता. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. आता लायब्ररीत टेबलं काही कमी नव्हती, पण तो विषय दोघांनीही काढला नाही. साडेतीनला त्याची शाळा सुटायची आणि पावणेचारला तो शिवांगीचा पेपर ओढून घ्यायचा.

"पेशंटचा मुलगा तुला सांगतो, बाबांना कॅन्सरचं सांगू नका. तू काय करतेस?"

"मुलाला बाहेर बोलावते, नीट समजावते आणि सीनियरना विचारते."

"पेशंट कुठे आहे?"

"पेशंट बेडवर."

"त्याच्याशी कोणी बोलणार आहे का आज?"

कराडला पेशंटशी शेवटी बोलतात, आधी त्याच्या भावाशी, जावयाशी आणि गावाहून आलेल्या चुलत्याशी. हे अमेरिकेत जन्मलेल्याला कसं सांगायचं?

"आणि प्रत्येक ठिकाणी सीनियरना विचारतेस. का?"

"आमच्या कॉलेजात सीनियरना विचारल्याशिवाय आम्ही पाणीसुद्धा प्यायचो नाही."

"इथे तीन गोष्टी लक्षात ठेव," त्याने बोटांवर मोजत सांगितलं. "ज्याचा प्रश्न, त्याच्याशीच बोलायचं. एकट्याला गाठून बोलायचं. आणि लवकर बोलायचं. एवढं केलंस की चार."

तिने ते वहीत लिहून घेतलं. अक्षर सुरेख आलं. डोक्यात किती शिरलं, ते पुढे कळेलच.

मग तो पेशंट व्हायचा. खुर्ची मागे ढकलून, छातीवर हात ठेवून. "डॉक्टर, माझं हार्ट फास्ट होतं."

"कधी होतं?"

"मंगळवारी आणि गुरुवारी."

"किती वाजता?"

"पावणेचारला."

"कॉफी बंद करा."

"कॉफी मी साडेचारला पिते, डॉक्टर. त्याच्या आधीच होतं."

शिवांगीने खाली मान घालून कागदावर उगाच एक रेघ मारली. कान तापले होते. "हे… सिलॅबसमध्ये नाही," ती म्हणाली. तिने वर पाहिलं तेव्हा तो अजून बघतच होता.

पण खरं सांगायचं तर त्या 'पिते'ने तिचा जास्त घात केला. दिवसभर लोक तिच्याशी ईमेलमधून बोलायचे. 'आम्हाला कळवण्यास खेद होतो' वगैरे. रुपाली ऑफिसात, तिचा नवरा हेडफोन लावून मीटिंगमध्ये. आणि हा एवढा मोठा माणूस 'मी येते', 'मी दमले', 'मी जेवून आले' असं बोलायला लागला की तिला घरातल्या बायका ओट्याशी बोलत असल्यासारखं वाटायचं. आई, मावशी, काकू, सगळ्या. अंगातला शीण दोन तास कुठे जायचा कळत नसे. पहिल्या आठवड्यात ती दमली होती म्हणून बोलली नाही. दुसऱ्यात, त्याला वाईट वाटेल म्हणून. तिसऱ्यात, आता फार उशीर झाला म्हणून. कारणं काय, शोधली की सापडतात.

एका रविवारी तो तिला घरी जेवायला घेऊन गेला. त्याची आई, शोभाकाकू, बुटक्या, चटपटीत, केस पांढरे. नवरा गेला तेव्हा अक्षत चार वर्षांचा होता. लोकांची कीव नको म्हणून काकूंनी तेव्हाच इथल्या मराठी मंडळात जाणं सोडलं आणि लॅबमधली नोकरी करत एकटीने पोर वाढवलं. घरात मराठी बोलणारी माणसं दोनच, आई आणि मुलगा. त्याने ऐकलं ते आईचं, आणि जसं ऐकलं तसं उचललं.

"अजून वाढू का?" काकूंनी विचारलं.

"नको आई, मी खूप जेवले," अक्षत म्हणाला.

काकूंनी शिवांगीकडे पाहिलं. शिवांगीने काकूंकडे पाहिलं. दोघींच्या ओठांच्या कडा हलल्या. मग काकूंनी त्याला भात वाढला आणि दोघी गप्प बसल्या.

त्या वर्षी, इतक्या वर्षांनी, शोभाकाकू पुन्हा मंडळात जायला लागल्या होत्या. मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात अक्षतला पाच मिनिटं बोलायला सांगितलं, इथे जन्मून मराठी कशी टिकवली यावर. आधी तो असल्या गोष्टींना सरळ नाही म्हणायचा. या वेळी हो म्हणाला. "आता मला कॉन्फिडन्स आलाय," तो शिवांगीला म्हणाला. "तुझ्याशी बोलून."

शुक्रवारी त्याने फोनवर भाषण रेकॉर्ड करून पाठवलं. खाली लिहिलं होतं, 'काही चुकलं असेल तर सांग. प्लीज. खरं सांग.'

शिवांगीने सोफ्यावर पडून ते ऐकलं. मी जन्मले. मी वाढले. मी शिकले. आवाज इतका मनापासूनचा होता की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सोमवारी परीक्षा होती. सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. पहिल्या दिवसापासूनचं. आणि सांगितलं की ते 'मी येते' उद्यापासून बंद. तिने लिहिलं, 'मस्त झालंय.' आणि फोन उशीखाली सरकवला.

शनिवारी जवळच्या नोव्हाय गावातल्या एका शाळेच्या सभागृहात चारशे माणसं. पैठण्या, अत्तरं, बाहेर कोटांचा ढीग. अक्षत कुर्ता घालून माइकसमोर उभा राहिला.

"नमस्कार. मी ट्रॉयमध्ये जन्मले. मी इथेच वाढले. लहानपणी मी रोज आईबरोबर…"

पहिल्या वाक्याला कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्याला एक अख्खी रांग. वाईट हसणं नव्हतं ते, कौतुकाचंच होतं, पण हसणं ते हसणं. अक्षत थांबला, कागदात बघितलं, तेच वाक्य परत वाचलं. पुढच्या रांगेतून एक काका मोठ्याने म्हणाले, "अरे, तू अक्षत की अक्षता? जन्मले बायका म्हणतात, राजा. पुरुषाने जन्मलो म्हणायचं."

सभागृह खो खो हसलं. शोभाकाकूंनी मान खाली घातली. अक्षतने माणसांत नजर फिरवली आणि ती शिवांगीवर येऊन थांबली. चारशे माणसं हसत होती, ती हसत नव्हती. तिला आश्चर्यही वाटलेलं दिसत नव्हतं. तिथेच त्याला कळलं.

उरलेलं भाषण त्याने इंग्रजीत केलं. चांगलं केलं, टाळ्या पडल्या. नंतर कोटांच्या ढिगाशी त्याने तिला गाठलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी तुला रेकॉर्डिंग पाठवलं. खरं सांग म्हटलं." त्याचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "मुलांना रोज नीट बोलायला शिकव…" आणि तो अडला. शिकवते की शिकवतो? शेवट कसा करायचा, तेच त्याला कळेना. अठ्ठावीस वर्षं जे वाक्य आपसूक बाहेर पडत होतं, ते घशात अडकून बसलं. मग तो इंग्रजीत हळू म्हणाला की तुझ्यावर नीट रागवायचं कसं, तेही आता मला या भाषेत येत नाही. कोट उचलून तो गेला.

रविवारी शिवांगीने चार मेसेज केले. उत्तर नाही.

सोमवारी सकाळी रुपालीच्या बेडरूमचं दार लावून ती लॅपटॉपवर परीक्षेला बसली. प्रसंगामागून प्रसंग. अठराव्याला तिचा हात थांबला.

'तुमचा परदेशातून आलेला सहकारी एक शब्द सतत चुकीचा उच्चारतो. रुग्ण मागे हसतात. तुमच्या हे बऱ्याच दिवसांपासून लक्षात आले आहे.'

सर्वांसमोर दुरुस्त करा. तिने एक दिला. वरिष्ठांना कळवा. दोन, आणि या वेळी ती अडखळलीही नाही. एकट्याला गाठून सांगा. चार. त्याला वाईट वाटेल म्हणून दुर्लक्ष करा. तिने एक दिला आणि त्या एकाकडे बघत बसली. घड्याळ पुढे चाललं होतं. परीक्षा काढणाऱ्यांनी पाचवी तऱ्हा लिहिलीच नव्हती. त्याची चूक तुम्हाला फार गोड वाटते, तुम्हाला ती हवी आहे, म्हणून गप्प बसा. तिला किती गुण द्यायचे? शिवांगीला मनातून माहीत होतं, आपण वाईट वाटेल म्हणून गप्प बसलोच नव्हतो.

पेपर संपला तेव्हा ती इतकी थकली होती की बरा गेला की वाईट, तेही सांगता आलं नसतं. तेवढ्यात फोन वाजला. शोभाकाकू.

"शिवांगी, तुझी परीक्षा झाली ना? मुद्दाम थांबले होते." मग त्या मुद्द्यावर आल्या. "काल तो रविवारचा घरी आला. दारातून म्हणाला, हाय मॉम. मॉम म्हणाला गं मला. जेवताना सगळं इंग्रजीत. एकेक शब्द मोजून मराठी बोलतो आणि मग सोडूनच देतो."

शिवांगी पलंगाच्या कडेवर टेकली.

"चूक माझी आहे," काकू म्हणाल्या. "नवरा गेला, घरात बोलायला हेच एक पोर. सारखं टोकलं असतं तर गप्प झालं असतं. बोलतोय ना, मग बोलू दे म्हटलं, कसंही. नंतर राहूनच गेलं. माझं हे असं झालं. तुझं काय झालं?"

"सांगते काकू," शिवांगी म्हणाली, "पण आधी त्याला सांगते."

तिने तोंडावर पाणी मारलं आणि जेवायला घरी आलेल्या रुपालीला गाडी काढायला लावली. शाळा सुटायच्या आधीच ती पोहोचली. आभाळातून पाऊस पडतोय की बर्फ, ते त्याचं त्यालाच ठरत नव्हतं. पिवळ्या बसेस गेल्या, पोरं गेली, मग खांद्याला पिशवी लावून अक्षत बाहेर आला. छपराखाली कुडकुडत उभ्या असलेल्या तिला बघून थांबला. काही न बोलता त्याने गाडीचं दार उघडलं.

गाडीत हीटर घुरघुरत होता. शिवांगीने हात मांडीवर घट्ट धरले.

"मी तुला हसत नव्हते," ती म्हणाली. "एक दिवसही नाही. मला ते आवडायचं. तू 'मी येते' म्हणालास की मला घरी गेल्यासारखं वाटायचं. इथे माझ्याशी तसं कोणीच बोलत नाही, अक्षत. तू बरोबर बोलायला लागलास तर ते जाईल, अशी मला भीती वाटली. म्हणून मी ते माझ्यासाठी ठेवून घेतलं. तू विचारलंस तरी ठेवून घेतलं. आणि चारशे लोकांसमोर तुला एकट्याला उभं राहू दिलं. हे वाईट आहे. मला माफ कर."

तो समोरच्या काचेकडे बघत राहिला.

"तू लवकर नाही सांगितलंस," तो म्हणाला. मराठीत. एकेक शब्द चाचपत.

"नाही सांगितलं."

"मी खूप चिडले होते."

शिवांगीने खोल श्वास घेतला. "चिडलो होतो," ती हळूच म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. ती घाबरली होती, पण तिने नजर हटवली नाही. "मी खूप चिडलो होतो," तो म्हणाला. "अजून थोडी… थोडा?"

"थोडा."

"अजून थोडा चिडलेलो आहे."

"असू दे. बरोबर आहे तुझं."

मग ती दोघं त्या रिकाम्या पार्किंगमध्ये बसून क्रियापदं करत राहिली. मी जातो. मी खातो. मी विसरलो. मी दमलो. त्याची जीभ दर वेळी जुन्या वाटेने जायची, तो तिला ओढून परत आणायचा, जसा शाळेत पोरांच्या जिभा आणत असेल तसा. एकेक 'ते' गळून पडत होतं आणि शिवांगीला आत कुठेतरी दुखत होतं. तरी ती सांगत राहिली.

"आता एक मी करतो," तो म्हणाला. "मदत नको." त्याने घसा साफ केला, स्टिअरिंगवरचे हात काढले, परत ठेवले. "मला… तू आवडतोस."

शिवांगीच्या काळजाचा ठोका चुकला. आणि वाक्यही चुकलं होतं. आता काय करावं? गप्प बसावं? किती सोपं होतं गप्प बसणं.

"चूक," ती म्हणाली.

"आता काय? तूच म्हणालीस, शेवटी 'तो' म्हण."

"ते तुझं असेल तेव्हा. या वाक्यात तुझं काही चालत नाही. हे ज्याला आवडतं त्याचं ऐकत नाही, जी आवडते तिचं ऐकतं."

त्याने कपाळाला आठी घालून विचार केला. मग चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे… आवडतेस?"

"हं."

"म्हणजे हे मी आधी बोललो असतो, माझ्या चुकीच्या मराठीत, तर बरोबर आलं असतं?"

"आलं असतं."

"मग इतके दिवस बोललो का नाही मी?"

"ते मला काय विचारतोस," शिवांगी म्हणाली. "मी काय सीनियर आहे तुझी?"

तो हसला, शनिवारनंतर पहिल्यांदा. "मला तू आवडतेस," तो म्हणाला, न अडखळता.

"परत म्हण."

"चुकलं?"

"नाही. ऐकायचंय."

त्याने परत म्हटलं. तिनेही सांगितलं मग, मान खाली घालून, एका दमात, की मलाही तू आवडतोस आणि ओहायोने बोलावलं तर तीन तासांचा रस्ता आहे, नाही बोलावलं तर काय ते मला माहीत नाही, मी फार दमले आहे आणि तुझ्या खांद्यावर पाच मिनिटं डोकं ठेवू का? त्याने खांदा पुढे केला. पाचाची वीस मिनिटं झाली. बाहेर सगळं पांढरं होऊ लागलं होतं.

मग त्याने खांदा न हलवता फोन काढला आणि आईला लावला. पलीकडून "हॅलो" आलं. नेहमीसारखं नाही, घाबरतच.

"आई," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याने जपून उचलला. "मी येतो. शिवांगी पण येते."

पलीकडे शोभाकाकूंनी नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"या दोघं," मग त्या म्हणाल्या. "भात टाकते."